सुई चुकते, भरपाई मिळते, पण सुई टोचणाऱ्याला कळतच नाही

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी एकदाच लिहिलं होतं की फ्लूच्या इंजेक्शननंतर माझा खांदा धरलाय, कोणी चांगला फिजिओथेरपिस्ट सुचवा. झालं. एका काकांनी पाच मिनिटांत "मी सांगतच होतो, लसी घेऊ नका" म्हणून तीन व्हिडिओ टाकले, आणि एका डॉक्टर मैत्रिणीने खाजगीत मेसेज केला की अगं प्लीज असं ग्रुपवर लिहू नकोस, लोक आधीच घाबरलेले असतात. फिजिओथेरपिस्ट कोणीच सुचवला नाही. मी दरवर्षी फ्लूची लस घेते, त्यानंतरच्या वर्षीही घेतली, पुढेही घेणार आहे. पण माझा खांदा धरला होता हेही तितकंच खरं आहे, आणि या दोन गोष्टी एका वाक्यात बोलायची सोयच राहिलेली नाही याचा मला जास्त त्रास झाला.

झालं काय तर न्यू जर्सीत एका मोठ्या दुकानातल्या फार्मसीत मी लस घ्यायला गेले. शनिवार सकाळ, मागे ही रांग. अंगात घट्ट बाह्यांचा कुर्ता होता, बाही वर जाईना म्हणून मी गळ्याकडून ओढून खांदा उघडा केला. मी खुर्चीत बसलेली, फार्मसिस्ट मुलगा उभा. त्याला जी जागा समोर दिसली तिथे त्याने टोचलं, आणि समोर दिसत होता खांद्याचा वरचा भाग. दंड दुखणं मला नवीन नाही, दोन दिवस दुखतो आणि आपण विसरून जातो. हे तसं नव्हतं. त्या रात्रीच कुशीवर वळता येईना. पंधरा दिवसांनी केसांना क्लिप लावता येईना, मागचा हुक पुढून लावून फिरवायची वेळ आली, वरच्या फळीवरचा डाळीचा डबा काढायला मुलाला हाक मारायला लागले. पोळ्या नवऱ्याने लाटल्या, त्यावर वेगळा लेख होईल. एमआरआयमध्ये बर्सायटिस, म्हणजे सांध्याजवळच्या पिशवीची सूज, निघालं. एक स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि आठवड्याला दोनदा फिजिओथेरपी असं करत साडेचार महिन्यांनी हात पुन्हा कानापर्यंत गेला.

तेव्हा कळलं की या प्रकाराला नाव आहे, सिर्वा. लस टोचण्याच्या क्रियेमुळे होणारी खांद्याची इजा. आणि त्याहून आश्चर्य म्हणजे अमेरिकेत त्यासाठी कायदेशीर भरपाई मिळते, त्यासाठी एक वेगळं कोर्ट आहे, आणि तिथे गेली काही वर्षं येणाऱ्या नव्या केसेसपैकी निम्म्याहून जास्त या खांद्याच्याच असतात. मी इतकी वर्षं इथे राहते, टॅक्स भरते, मला याचा पत्ता नव्हता. आजूबाजूला विचारलं तर कोणालाच नव्हता.

आधी खांद्याचं सांगते, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच आहे. दंडाच्या वरच्या भागात जो गोलसर स्नायू असतो तो डेल्टॉइड, लस त्याच्या मांसल भागात जायला हवी, म्हणजे खांद्याच्या टोकाचं हाड हाताला लागतं त्याच्या साधारण दोन-तीन बोटं खाली. त्याच्या वर टोचलं, किंवा बारीक माणसाला लांब सुई वापरली, तर सुई स्नायूच्या पलीकडे, सांध्याला वंगण देणाऱ्या पिशवीत, बर्सात जाऊ शकते. लसीचं कामच मुळी शरीराला चिडवून जागं करणं हे आहे. स्नायूत ते चिडवणं दोन दिवसांत शमतं, पण तोच डोस सांध्याजवळच्या पिशवीत गेला की सूज धरून बसते, हात वापरणं कमी होतं, आणि मग खांदा आखडत जातो. २०१० मध्ये अशा १३ रुग्णांवरचा पेपर आला तेव्हा सिर्वा हे नाव रूढ झालं. नंतर अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सगळा पुरावा चाळला आणि निष्कर्ष काढला की इंजेक्शन टोचण्यामुळे डेल्टॉइड बर्सायटिस होऊ शकतं याला भक्कम आधार आहे. ही संस्था अशा बाबतीत फार हात आखडता घेते, त्यामुळे तिने इतकं स्पष्ट म्हणणं मोठी गोष्ट होती.

आणि प्रमाण? २०१६-१७ च्या फ्लूच्या सीझनवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दर दहा लाख लोकांमागे बर्सायटिसच्या जेमतेम आठ जादा केसेस सापडल्या, नेमकं सांगायचं तर ७.७८. म्हणजे काकांच्या व्हिडिओंना काही अर्थ नाही. पण त्या आठांत मी असेन तर मला दहा लाखांचा हिशोब सांगून माझा हात वर जात नाही, हे मैत्रिणीला सांगायचं राहून गेलं.

आता भरपाई. १९८० च्या दशकात डीपीटीच्या, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या लसीवरून अमेरिकेत इतके खटले पडले की कंपन्या एकेक करून लसी बनवणं सोडायला लागल्या, आणि मुलांना लसच मिळणार नाही अशी वेळ आली. तेव्हा १९८६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा केला, रेगन यांनी सही केली, आणि १९८८ च्या ऑक्टोबरपासून लस-इजा भरपाईचा कार्यक्रम सुरू झाला, इकडे त्याला व्हीआयसीपी म्हणतात. सौदा असा की कंपनीवर किंवा लस टोचणाऱ्यावर थेट दावा लावायचा नाही, आधी या कार्यक्रमाकडे यायचं. इथे प्रतिवादी असतो सरकारचा आरोग्य सचिव. निकाल देतात वॉशिंग्टनमधल्या फेडरल क्लेम्स कोर्टातले स्पेशल मास्टर, ज्यांची संख्या कायद्यानेच जास्तीत जास्त आठ ठेवलेली आहे (देशभरातल्या केसेसना आठ माणसं! आणि मग म्हणायचं केसेस तुंबतात). पैसा येतो एका फंडातून, आणि तो फंड भरतो लसीच्या प्रत्येक डोसवरच्या छोट्या करातून, एका रोगामागे ७५ सेंट. फ्लूला ७५ सेंट, एमएमआरमध्ये गोवर, गालगुंड, रुबेला असे तीन रोग म्हणून सव्वादोन डॉलर. म्हणजे मी लस घेते तेव्हा विमाही काढत असते, फक्त मला कोणी पॉलिसी दाखवत नाही.

यात तुम्हाला कोणाची चूक सिद्ध करावी लागत नाही. कार्यक्रमाची इजांची एक यादी आहे, तिच्यातली इजा असेल आणि नियमांत बसत असेल तर ती लसीमुळेच झाली असं धरून चालतात. वेदनेच्या भरपाईला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, शिवाय औषधपाणी आणि बुडालेला पगार. खांद्याच्या केसेसमध्ये, ऑपरेशन झालं नसेल तर वेदनेचे साधारण पन्नास हजार ते लाखभर, ऑपरेशन झालं तर त्याहून जास्त. वकिलाची फी कोर्ट वेगळी देतं, दाव्याला रास्त आधार असेल तर केस हरलात तरी देतं, त्यामुळे तुमच्या भरपाईतला तिसरा हिस्सा वकिलाला असला प्रकार नाही. नागरिक असायची गरज नाही, एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेला पण जाऊ शकतो. लस अमेरिकेत घेतलेली असावी, बस. आपल्याकडे कोर्टाची पायरी चढणं म्हटलं की ज्या पिढ्यानपिढ्यांच्या तारखा डोळ्यासमोर येतात त्या मानाने हे बरंच सुसह्य आहे, तरी दोन-तीन वर्षं जातातच.

सिर्वा या यादीत आली मार्च २०१७ मध्ये. अटी चार. त्या खांद्याला आधी दुखणं नसावं, लसीनंतर ४८ तासांच्या आत दुखायला लागलेलं असावं, दुखणं आणि आखडणं त्याच खांद्यापुरतं असावं, आणि त्या दुखण्याचा खुलासा करणारं दुसरं काही कारण नसावं. वर सर्व इजांना लागू असलेली सहा महिन्यांची अट, म्हणजे त्रास सहा महिन्यांहून जास्त टिकायला हवा, किंवा मग हॉस्पिटलात अ‍ॅडमिट होऊन ऑपरेशन झालेलं असावं. मी साडेचार महिन्यांत बरी झाले म्हणून माझा दावा बसत नाही. ते आधीच सांगून टाकते, नाहीतर कोणीतरी म्हणेलच की बाई पैशासाठी लिहितेय.

यादीत येऊन चार वर्षंही झाली नाहीत तोच सिर्वाला बाहेर काढायचा घाट घातला गेला. जुलै २०२० मध्ये ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतल्या आरोग्य खात्याने प्रस्ताव आणला, २१ जानेवारी २०२१ ला, म्हणजे नवीन राष्ट्राध्यक्षाने शपथ घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी, तो अंतिम नियम म्हणून छापला गेला, आणि एप्रिलमध्ये बायडन सरकारने तो लागू होण्याआधीच मागे घेतला. खात्याचं म्हणणं असं की कायदा लसीमुळे होणाऱ्या इजेसाठी आहे, ही इजा लसीमुळे नाही, टोचण्याच्या चुकीच्या पद्धतीमुळे होते, मग तिचा भार लसीच्या फंडावर का? आणि चूक करणाऱ्याला काहीच भोगावं लागलं नाही तर तो सुधारेल कशाला? ज्याने टोचलं त्याच्यावर दावा लावा.

मला हा युक्तिवाद पहिल्यांदा वाचला तेव्हा पटला होता. खरंच सांगते. त्या मुलाची सुई वर गेली, लस बिचारी काय करणार. पण जितका विचार केला तितकं वाटायला लागलं की लस आणि सुई असं वेगळं करणं कागदावरच शक्य आहे. दंडात साधी सुई टोचून सहसा महिनोनमहिने खांदा आखडत नाही, त्या सुईतून चिडवणारं काहीतरी आत जावं लागतं. आणि लस बाटलीत बसून कोणाचं रक्षण करत नाही, ती टोचावीच लागते. सरकार सांगतं घ्या, शाळा सांगते घ्या, ऑफिस सांगतं घ्या, तेव्हा कोणी असं म्हणत नाही की बाटलीतल्या द्रवाची जबाबदारी आमची आणि सुईची तुम्ही बघा.

हाफकिन यांची गोष्ट परळच्या संस्थेमुळे आपल्याला निदान नावाने तरी माहीत असते. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली, जानेवारी १८९७ मध्ये पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. मग ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ लोक धनुर्वाताने गेले. सरकारला दोषी हवा होता, समोर हाफकिन दिसत होते, त्यांना कामावरून दूर केलं. नंतर पुरावा असा पुढे आला की गावात लस देताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता त्याच चिमट्याने बाटलीचं बूच काढलं गेलं. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले, १९२५ मध्ये प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं. पाच वर्षं लस दोषी की हात दोषी यात गेली. माझं म्हणणं इतकंच की ज्याचं माणूस गेलं किंवा ज्याचा हात गेला त्याने आधी हा वाद सोडवावा आणि मग पैसे मागावेत अशी व्यवस्था ठेवली, तर वाद सुटेपर्यंत तो बसून राहतो, आणि बळी भलत्याचाच जातो.

बरं, सिर्वा यादीतून काढली असती तर प्रत्यक्षात काय झालं असतं? माझ्या राज्यात वैद्यकीय निष्काळजीपणाचा दावा दोन वर्षांत लावावा लागतो, सोबत त्याच क्षेत्रातल्या तज्ज्ञाचं प्रतिज्ञापत्र लागतं, आणि वकील टक्केवारीवर काम करतात. साठ-सत्तर हजाराच्या केससाठी तज्ज्ञांवर निम्मे पैसे खर्च करायला कोण वकील उभा राहील? मग सुई टोचणाऱ्याने भोगलं असतं का, तर तेही नाही. दावेच झाले नसते. झालं असतं ते इतकंच की खांदा धरलेला माणूस घरी बसून लसीला शिव्या देत राहिला असता, आणि काकांना चौथा व्हिडिओ मिळाला असता.

पण, आणि हा पण मोठा आहे, खात्याचा दुसरा प्रश्न मला अजून टोचतो. चूक करणाऱ्याला कळतं का?

मी बरी झाल्यावर त्या फार्मसीत गेले. भांडायला नाही. मला फक्त त्या मुलाला सांगायचं होतं की बाबा रे, तू जरा खाली टोचत जा आणि टोचताना बसत जा. तो तिथे नव्हता, दुसऱ्या शाखेत गेला होता. मॅनेजर बाईंनी मला सॉरी म्हटलं, कंपनीचा एक टोल-फ्री नंबर दिला, त्या नंबरवर मी पस्तीस मिनिटं गाणी ऐकली आणि मग एकाने माझी जन्मतारीख विचारून तक्रार नोंदवली म्हणून सांगितलं. कुठे नोंदवली देव जाणे. सरकारच्या व्हेअर्स नावाच्या यंत्रणेत लसीनंतरच्या त्रासाची नोंद कोणीही करू शकतं, तीही मी केली, पण ती लसीवर नजर ठेवण्यासाठी आहे, फार्मसिस्टच्या हातावर नाही. त्या मुलाने माझ्यानंतर शेकडो लोकांना टोचलं असेल. त्याच्या लेखी मी एक समाधानी गिऱ्हाईक आहे, जिने जाताना थँक्यू म्हटलं होतं.

समजा मला सहा महिने त्रास झाला असता आणि मी केस जिंकले असते. तरी त्याला कळलं नसतं! कारण तो केसमध्ये पक्षकारच नसतो. भांडण माझं आणि आरोग्य सचिवांचं, पैसा फंडाचा, निकाल वॉशिंग्टनचा. फार्मसीकडून फक्त लसीचा कागद मागवला जातो. आणि तो कागद तरी कसा असतो? या कोर्टाचे सिर्वाचे निकाल वाचा, कोर्टाच्या साइटवर सगळ्यांना वाचायला असतात. केसमागून केस याच मुद्द्यावर अडलेली दिसेल की लस नक्की कुठल्या हाताला दिली. नोंदीत "डावा दंड" लिहिलेलं, बाई सांगतेय उजवा दुखतो. मग मैत्रिणींची प्रतिज्ञापत्रं, नवऱ्याची जबानी, डॉक्टरांच्या जुन्या नोंदी, आणि शेवटी स्पेशल मास्टर म्हणतात की कॉम्प्युटरमध्ये हात आपोआप भरला गेला असावा किंवा टोचण्याआधीच फॉर्म भरला असावा. ज्या कागदावर हातसुद्धा खात्रीने लिहिलेला नाही, त्या कागदावरून कोण काय शिकणार.

म्हणून माझं मत असं आहे की सिर्वा यादीतच राहिली पाहिजे, भरपाई दोष न शोधताच मिळाली पाहिजे, पण दोष न शोधणं म्हणजे डोळे झाकून घेणं नव्हे. सरकारने ज्या केसमध्ये मान्य केलं की हो, ही सिर्वाच आहे, त्या प्रत्येक केसनंतर जिथे लस दिली तिथे एक पत्र जायला काय हरकत आहे? नाव गाव काढून टाका, शिक्षा नको, लायसनवर डाग नको, नुसतं कळवा की तुमच्याकडे दिलेल्या लसीनंतर असं झालं, जागा तपासा, सुईची लांबी तपासा, टोचणाऱ्याला बसायला स्टूल आहे का बघा. हजारो केसेसची कागदपत्रं कोर्टात पडून आहेत, त्यातून इतकं तरी काढून दरवर्षी छापावं की फार्मसीत किती, दवाखान्यात किती, ऑफिसमधल्या कॅम्पात किती. फंडात चार अब्ज डॉलरच्या आसपास पैसा पडून आहे. तो प्रशिक्षणावर वापरायचा तर कायदा बदलावा लागेल, कारण तो भरपाईसाठी बांधलेला आहे, हे मला माहीत आहे. बदला मग. नोंदीत हात आणि जागा टोचून झाल्यावरच भरता येईल असं सॉफ्टवेअर करायला तर काँग्रेसही लागत नाही.

यावर फार्मसीवाले म्हणतील की असं पत्र गेलं की उद्या कोणीतरी तेच पत्र घेऊन दावा लावेल. रास्त भीती आहे. मग कायद्यात लिहा की ते पत्र कुठल्याही कोर्टात पुरावा म्हणून चालणार नाही. चूक सांगायला माणूस घाबरू नये म्हणून असं संरक्षण हॉस्पिटलांतल्या अंतर्गत चौकश्यांना अमेरिकेत दिलेलंच आहे. आणि खरं सांगायचं तर त्या मुलाचाही मला राग नाही. एकाच माणसाने औषधं मोजायची, फोन घ्यायचे, ड्राइव्ह-थ्रूची खिडकी सांभाळायची आणि मध्येच येऊन दहा मिनिटांच्या हिशोबाने लसी टोचायच्या. उभं राहून टोचलं कारण बसायला जागाच नव्हती.

या कार्यक्रमातली काही भोकं मात्र चीड आणतात. माझ्या सासूबाई इथे आल्या की आम्ही त्यांना शिंगल्सची, म्हणजे नागिणीची लस देऊन घ्यावी असं डॉक्टर सांगतात. ती लस या कार्यक्रमात नाही. कारण काय, तर कार्यक्रमात त्याच लसी येतात ज्या लहान मुलांना किंवा गरोदर बायकांना सरसकट द्यायची शिफारस आहे. नागिणीची लस म्हाताऱ्यांची. स्नायू पातळ झालेले, म्हणजे सुई पलीकडे जायची भीती यांनाच जास्त, आणि यांनाच भरपाई नाही, त्यांनी फार्मसीवर दावा लावावा.

कोविडची तर आणखी कमाल. ती लस गेली सीआयसीपी नावाच्या दुसऱ्याच योजनेत, जी साथीच्या आणीबाणीसाठी २००५ च्या एका कायद्याखाली केली आहे. तिथे मुदत एक वर्ष (पहिल्या कार्यक्रमात तीन), वेदनेचे पैसे शून्य, वकिलाची फी नाही, न्यायाधीश नाही, खात्यातलेच अधिकारी ठरवणार आणि वर कोर्टात अपील नाही. हजारो अर्ज आले, पैसे मिळालेल्यांची संख्या अगदीच मोजकी. आता हिवाळ्याआधी फार्मसीत लोक फ्लू आणि कोविड एकाच दिवशी घेतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. समजा एक खांदा धरला. फ्लूचा हात धरला असेल तर कोर्ट, वकील आणि कदाचित ऐंशी हजार डॉलर. कोविडचा हात धरला असेल तर खिशातून गेलेलं औषधाचं बिल आणि फार तर बुडालेला पगार, तेही मिळालं तर. तोच फार्मसिस्ट, तीच खुर्ची, तीच पाच मिनिटं. आणि दोन्ही एकाच दंडात टोचल्या असतील तर मग वकीलच बसतील डोकं धरून. याला धोरण म्हणायचं असेल तर म्हणा.

काका नेहमी एक आकडा टाकतात, की सरकारने लसींच्या इजेसाठी पाच अब्ज डॉलर दिले, म्हणजे बघा किती घातक. आकडा खोटा नाही. पण तो १९८८ पासूनचा आहे, आणि गेल्या काही वर्षांत त्यात भर पडतेय ती प्रामुख्याने माझ्यासारख्या खांद्यांची. या कार्यक्रमाचीच आकडेवारी सांगते की २००६ पासून वाटलेल्या दर दहा लाख डोसमागे साधारण एका माणसाला भरपाई मिळाली. लस घातक आहे हे त्यातून सिद्ध होत नाही, टोचायला शिकवा इतकंच सिद्ध होतं. २०२५ मध्ये आरोग्य सचिव रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी हा कार्यक्रम मोडलेला आहे, मी दुरुस्त करणार असं जाहीर केलं. दुरुस्ती हवीच आहे. आठाचे सोळा स्पेशल मास्टर करा, १९८६ पासून तीच असलेली अडीच लाखाची मर्यादा महागाईप्रमाणे वाढवा, नागीण आणि कोविड आत घ्या. पण लसींवर ज्यांचा मुळातच राग आहे त्यांच्या हातात ही किल्ली गेली की मला धाकधूक होते. यादीत वाटेल ते आजार पुराव्याशिवाय घुसवले तर फंड रिकामा होईल आणि ज्यांची इजा खरी आहे तेच शेवटी रांगेत मागे राहतील.

भारतात काय, असं आईने फोनवर विचारलं. आपल्याकडे बाळांना बहुतेक इंजेक्शनं मांडीत देतात, त्यामुळे खांद्याचा प्रश्न फारसा उठलाच नव्हता. कोविडमध्ये मोठ्यांच्या दंडात २२० कोटींवर डोस गेले. लसीनंतरच्या त्रासाची चौकशी करायला जिल्ह्यापासून केंद्रापर्यंत समित्या आहेत, पण त्या कारण शोधतात, पैसे देत नाहीत. औषधाच्या चाचणीत भाग घेतला आणि इजा झाली तर भरपाईचे नियम आहेत, २०१९ च्या नियमांत सूत्रासकट आहेत. तीच लस बाजारात आल्यावर, सरकारी केंद्रावर रांगेत उभं राहून घेतली तर? दोन तरुण मुली लसीनंतर गेल्या म्हणून त्यांचे आईवडील सुप्रीम कोर्टात गेले, तेव्हा नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने प्रतिज्ञापत्रात सांगितलं की लस ऐच्छिक होती आणि नुकसानभरपाईसाठी दिवाणी कोर्टात जायचा मार्ग मोकळा आहे. ऐच्छिक! लोकलचा पास लसीशिवाय मिळत नव्हता तेव्हा मुंबईत राहणाऱ्या माझ्या भावाला हे ऐकवायला हवं होतं. आणि डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या सीरमचे अदर पूनावाला उघडपणे म्हणालेच होते की लस कंपन्यांना खटल्यांपासून संरक्षण हवं. मागणी चुकीची नव्हती, अमेरिकेत १९८६ ला नेमकं तेच दिलं. पण तिथे संरक्षणाच्या बदल्यात इजा झालेल्यासाठी फंड उभा केला. एका हाताने कोर्टाचा दरवाजा लावला तर दुसऱ्या हाताने खिडकी उघडली. नुसता दरवाजा लावायचा असेल तर त्याला सौदा म्हणत नाहीत.

ग्रुपवर हे सगळं लिहिलं तर मला काढून टाकतील म्हणून इथे लिहिलं. आणि अमेरिकेत ज्या कोणाचा खांदा लसीनंतर खरंच धरलाय त्यांच्यासाठी कामाचं तेवढं सांगते. "जाईल आपोआप" म्हणून आपण मराठी माणसं दोन-तीन महिने बाम लावत बसतो, तसं करू नका, पहिल्या आठवड्यातच डॉक्टरकडे जा आणि लस कधी घेतली, कुठल्या हाताला, दुखायला कधी लागलं हे त्यांच्या नोंदीत लिहून घ्या. उशीर झाला असेल तर अगदीच सगळं संपत नाही, नोंद नसली तरी बाकी पुराव्यावरून दुखणं कधी सुरू झालं ते ठरवायची मुभा कायद्याने स्पेशल मास्टरना दिलीय, पण तेवढ्यासाठी वर्ष जातं. शुगर असेल तर जास्त जपा, कारण मधुमेहात खांदा तसाही आखडतो आणि समोरचा सरकारी वकील पहिला तोच मुद्दा काढणार. फार्मसीच्या कागदावर हात चुकीचा लिहिला असेल तर लगेच, त्याच आठवड्यात, दुरुस्त करून मागा. मुदत तीन वर्षं, आणि ती लस घेतल्याच्या तारखेपासून नाही, पहिल्यांदा दुखलं त्या दिवसापासून मोजतात.